तीनदा जळलेली मोटर

सडक अर्जुनीत हायवेला लागून माझं सायकलचं दुकान आहे. त्याच्या भिंतीला भिंत लावून कलाबाई रामटेकेचं मोटर वायंडिंगचं दुकान, पंपांच्या जळलेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे तिकडचं सगळं मला बसल्या जागी ऐकू यायचं. ती तारेचे वेढे मोठ्यानं मोजायची. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. मधे कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. आकडा चुकला की मोटर चुकली, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं आणि मग माझ्याकडे येऊन कुरकुरायचं, जसं काही मीच तिला शिकवलं.

दुकान तिच्या नवऱ्याचं, सेवकरामचं. १९९९ साली त्यानं ते टाकलं तेव्हा कलाबाई घरी बसून कॉइल भरून द्यायची आणि नाव सेवकरामचं व्हायचं. २००३ मध्ये ट्रकनं त्याला हायवेवरच उडवलं. महिनाभरात बाईनं दुकान उघडलं. आत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, बाहेर तीच जुनी पाटी, ‘सेवकराम मोटर वायंडिंग’. लोकांनी नाकं मुरडली. बाईमाणूस मोटर भरते म्हणजे काय, असं विचारणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांनी रस्त्याच्या पलीकडे चंद्रशेखरनं दुकान टाकलं. गोंदियात आयटीआय केलेला पोरगा. तार गुंडाळायचं मशीन, वार्निश सुकवायची भट्टी आणि बोर्डावर हातभर अक्षरांत ‘चार घंटे में मोटर तैयार’. कलाबाईला दोन दिवस लागायचे. वरून ती वकिलासारखे प्रश्न विचारायची. मोटर कुठं बसवली, वायर किती लांब, वीज कधी येते, जळाली तेव्हा जवळ कोण होतं. एवढ्यानं भागलं नाही तर माझ्या एम-एटी गाडीवर मागं बसून गिऱ्हाईकाच्या वावरात जायची आणि मोटर कशानं जळाली ते शोधायची. त्याचे वेगळे पैसे घ्यायची नाही. शिवाय तिचा शब्द होता की तिनं भरलेली मोटर हंगामात जळाली तर ती फुकट भरून देईल.

मी तिला तोंडावर म्हणालो, “मोटर पुन्हा जळलीच नाही तर गिऱ्हाईक पुन्हा येईल कायले? असा धंदा असते काय?”

“त्याचा भाऊ येईल ना, भाऊ,” ती म्हणाली.

भाऊ काही येत नव्हते. सगळे पलीकडे जात होते.

२००६ चा एप्रिल. उन्हाळी धान निसवला होता, लोंब्यांत दूध भरत होतं. या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, चार दिवस पाणी नसलं की दाणा पोचट होतो. त्यात लोडशेडिंग. पंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि तीही तीन तारांत सारखी येईल याचा भरवसा नाही. मोटरी पटापट जळत होत्या. उमेंद्र पटले नावाचा एक जण जवळच्या गावातून पाच एच.पी.ची मोटर घेऊन आला. कलाबाईनं भरून दिली. नऊ दिवसांनी तीच मोटर जळून परत आली. तिनं ती फुकट भरली. सहाव्या दिवशी ती पुन्हा आली.

त्या दिवशी बाजार होता. उमेंद्रनं ट्रॅक्टर बरोबर दुकानासमोर आडवा लावला आणि मोटर ट्रॉलीतून ओट्यावर आदळली. उमेंद्र नागपूर-रायपूर रोडवर ट्रक चालवायचा, ढाब्यांवर भांडून त्याचा आवाज पक्का झालेला. पाच मिनिटांत पन्नास माणसं जमली.

“तीन खेप झाली बाई. धान वाळून राहिला माहा. तुले येत नाही तर सांग ना तसं.”

कलाबाईनं मोटर उघडली, कॉइलचा वास घेतला, जळलेल्या बाजूवर बोट फिरवलं. “माह्या भरण्यात चूक नाही. वीज दोनच तारांत आली आणि मोटर जागच्या जागी गुरगुरत तापली. पण दोन तारांत आली तर स्टार्टरनं पडाले पायजे, मोटर बंद कराले पायजे. तो पडत काऊन नाही? मले वावर पाहा लागन.”

“वावर पाहून काय करशीन? मोटर वावरानं जाळली काय?”

लोक हसले. पलीकडून चंद्रशेखर दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, “भैया, इधर लाओ. शाम तक ले जाना.”

माझं डोकं फिरलं. मी उठणार, तेवढ्यात कलाबाई बोलली. आवाज चढवला नाही.

“परवा भरून देतो, फुकट. पण बसवाले मी येईन. त्याच्यावर जळली तर ही ह्यायच्या नावाची पाटी मी माह्या हातानं उतरवीन. मग कोणाचीच मोटर भरणार नाही.”

गर्दीला याहून चांगलं काय हवं होतं? संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात ही गोष्ट झाली. मी तिला मूर्ख म्हणालो. शेतकरी काय वाटेल ते करतात, कुठलीही वायर कुठंही जोडतात, आणि तू त्यांच्या भरवशावर नवऱ्याचं नाव पणाला लावलं? ती उठून आत गेली. भिंतीपलीकडे वेढे मोजणं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला एम-एटीवर घेऊन गेलो. त्या आठवड्यात वीज दिवसाची होती, अकराला येणार होती. बांधीला भेगा पडायला लागल्या होत्या. उमेंद्रनं आणि तिनं मोटर बसवली, मग तो ट्रॅक्टर घेऊन गावात गेला. वावरात उरला त्याचा बाप शालीकराम, सत्तरीचा म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत, बोलणं कमी. आम्ही मोहाच्या झाडाखाली भाकरी सोडली.

अकराला दहा मिनिटं कमी असतील. म्हातारा उठला, स्टार्टरच्या डब्याजवळ गेला, झाकण काढलं. कनवटीतून बांबूची बोटभर कामटी काढली आणि आतल्या खटक्यात दाबून बसवली. इतक्या सवयीनं, की आम्ही बसलो आहोत याचंही त्याला भान नव्हतं.

कलाबाई भाकरी टाकून धावली. “काढा ते. बाबा, आधी काढा.”

तिनं स्वतःच कामटी ओढून काढली. लगेच वीज आली. तिनं बटण दाबलं, मोटर सुरू व्हायच्या आधी गुरगुरली आणि स्टार्टर खाडकन पडला. दोनच तारांत वीज होती. कामटी आत असती तर स्टार्टर पडला नसता, आणि मोटरीबरोबर कलाबाईची पाटीही आमच्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत जळाली असती. 

म्हातारा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला. हळूहळू सगळं बाहेर आलं. रात्रीच्या पाळीत वीज एकला येते, दोनला येते. पोरगा ट्रकवर. मागच्या वर्षी अंधारात याच धुऱ्यावर नागावर त्याचा पाय पडता पडता राहिला. तेव्हापासून रात्री वावरात यायची त्याची छाती होत नव्हती. कामटी लावून ठेवली की वीज आल्यावर मोटर आपोआप सुरू व्हायची. एकदा उमेंद्रनं ती पाहिली होती आणि फेकून दिली होती. पुन्हा दिसली तर वावरात पाय ठेवू नका, असं बापाला सुनावलं होतं.

“त्याले सांगू नोको माय,” म्हातारा म्हणाला. “माहं वावरात येणं बंद करन तो. मंग मी जाऊ कोठं?”

मी म्हणालो, सांगायचं नाही म्हणजे? पन्नास माणसांसमोर तिचा अपमान झाला, तिची रोजी जात आहे. कलाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

दुपारी वीज तिन्ही तारांत आली आणि पाणी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वावरात गेली आणि एक छोटा डबा तिथं बसवला. तीन तारांत वीज पुरी असेल तरच मोटर आपोआप चालू करायची, एक तार गेली की बंद करायची, एवढंच त्याचं काम. असे डबे बाजारात होते, पण मोटर देताना गिऱ्हाईकाला त्याची गरज आहे काय, हे विचारतो कोण? तिनं म्हाताऱ्याला दोनदा समजावलं. “आता रात्री यायचं काम नाही. पण कामटी लावली तर हा डबा बी काही करू शकत नाही. मी कोणाले सांगणार नाही. तुम्ही फक्त कामटी लावू नोका.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. मला त्या मानेचा काडीचा भरवसा नव्हता.

पुढचा आठवडा रात्रीच्या विजेचा. सवय जात नाही माणसाची, आणि भीती तर मुळीच जात नाही. नव्या डब्यावर म्हातारा विश्वास ठेवेल की कामटीवर? कलाबाई रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी रस्त्याकडे बघत उभी राहायची. वेढे मोजताना तिचा आकडा चुकायला लागला, पुन्हा एकपासून सुरू करायची. चंद्रशेखर माझ्याकडे हवा भरायला आला की विचारायचा, “काका, बोर्ड कब उतर रहा है?” आणि मला सगळं माहीत असून मी पंपाचा दांडा हलवत राहायचो. असं गप्प बसणं मला जन्मात जमलं नव्हतं. तिच्यासाठी बसलो आणि तिच्यावरच चिडत राहिलो.

मोटर बसवल्याच्या बाराव्या दिवशी बाजार होता. दहाच्या सुमाराला पटल्यांचा ट्रॅक्टर वळणावर दिसला. उमेंद्र चालवत होता, मागं म्हातारा, आणि ट्रॉलीत पोत्यात गुंडाळलेली मोटर.

मोटर दिसली तसा मी हातातलं काम टाकून उठलो. चंद्रशेखर दारात आला, चहावाला आला, गेल्या वेळचे सगळे आले. कलाबाईनं कुणाकडेही पाहिलं नाही. आत गेली, स्टूल आणि पाना घेऊन बाहेर आली, स्टुलावर चढली आणि पाटीचे बोल्ट सैल करायला लागली. मी म्हणालो, थांब, आधी विचार तरी. ती थांबली नाही. दोन बोल्ट निघाले, पाटी एका बाजूला झुकली, मी धावत जाऊन खालून धरली.

“बाई, खाली उतर,” शालीकराम ट्रॉलीतूनच म्हणाला. “हे आमची मोटर नाही. शेजारच्या दुधरामची आहे. आमची चालून राहिली.”

मग तो ट्रॉलीच्या फळकुटाला धरून उभा राहिला आणि बाजारात ऐकू जाईल असं बोलला. “ऐका गा सगळे. तीन खेप मोटर म्या जाळली. स्टार्टरात कामटी लावून. रात्री वावरात जायचं भेव लागते मले. बाईनं पाहिलं, अन् माह्या पोराले बी सांगितलं नाही. सोताचं नाव खराब करून घेतलं.”

 उमेंद्र ड्रायव्हरच्या सीटवर तसाच मागं वळून बसला होता. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

“बाबा, मले काऊन नाही सांगितलं?”

“तू ऐकून घेतलं असतं काय?” म्हातारा म्हणाला.

 उमेंद्र खाली उतरला, माझ्या हातातून पाटीची दुसरी बाजू घेतली आणि ती वर उचलून धरली. कलाबाई स्टुलावर उभी राहून रडत होती. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, सेवकराम गेला तेव्हासुद्धा नाही. रडतच तिनं दोन्ही बोल्ट परत कसले. मलाही रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

त्या हंगामात त्या एका गावातून तिच्याकडे अकरा मोटरी आल्या. पुढच्या वर्षी चंद्रशेखरनं वावरात पाठवायला एक माणूस ठेवला. पण तो माणूस वायर पाहायचा. माणसं पाहायचा नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी ती पदरानं तोंड पुसून स्टुलावरून उतरली, ट्रॉलीजवळ गेली आणि मोटरीवरचं पोतं बाजूला केलं. कॉइलचा वास घेतला. मोटरीचा मालक दुधराम मागून सायकलीनं येऊन पोचला होता, त्याला दुपारी चारला मोटर परत हवी होती. समोर चंद्रशेखरचा चार तासांचा बोर्ड दिसत होता.

“दोन दिवस लागतीन,” कलाबाई त्याला म्हणाली. “अन् त्याच्या आधी मले वावर पाहा लागन.”

“या,” दुधराम म्हणाला. “कधी येता?”