आकडा पुरा झाल्याशिवाय

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं पाच महिन्यांत एकदाच कडाक्याचं भांडण झालं, आणि तेही गडावरून. डच सपाटीवरच्या टिलबर्गमध्ये बसून. ज्या गावात सायकलचा गिअर बदलायची वेळ फक्त पुलावर येते, तिथे गडावरून भांडणारं आमचंच एक घर असणार.

बाबा, म्हणजे माझे सासरे दिनकर, साताऱ्याचे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. नोकरीभर खांबांवर चढले आणि रविवारी खांब नाही म्हणून गडावर चढले. एकटे कधीच नाहीत. पस्तीस वर्षं कॉलनीतली पोरं गोळा करून अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा असं त्यांचं चाललेलं असे. त्यातल्या निम्म्या पोरांना आता टक्कल पडलंय, पण बाजारात बाबा दिसले की अजूनही आपला आकडा ओरडून सांगतात.

हा आकडा म्हणजे बाबांचा एकमेव कायदा. निघताना प्रत्येक मुलाला एक आकडा मिळतो. वाटेत बाबांनी शिट्टी वाजवली की मुलांनी क्रमाने आपापला आकडा ओरडायचा, आणि सगळ्यात शेवटचा बाबांचा. फार पूर्वी वासोट्याच्या जंगलात एक मुलगा मागे राहिला होता आणि दोन तासांनी झाडाखाली रडताना सापडला होता. तेव्हापासून नियम ठरला, आकडा पुरा झाल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही.

फेब्रुवारी २०२०च्या शेवटी ते आमच्याकडे आले ते तीन आठवड्यांसाठी. सासूबाईंची नव्वदीची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्या साताऱ्यातच राहिल्या. बाबा आले होते फक्त नातवंडांसाठी. ऋता दहा वर्षांची, यश सहाचा. पण मार्चमध्ये शाळा बंद, विमानं बंद, आणि आम्ही पाच जण एका चिंचोळ्या घरात बंद. मी जेवणाच्या टेबलावर बसून एका माल वाहतूक कंपनीचे ट्रक हाकत होते, माझा नवरा अभिराम बेडरूममधून विद्यापीठातल्या पोरांना शिकवत होता, आणि बाबा व्यायाम म्हणून आमच्या उभ्या डच जिन्यावरून दिवसातून वीस वेळा वरखाली करत होते. त्या धपधप आवाजाने माझं डोकं उठायचं, हे मी कबूल करते.

मुलांचं म्हणाल तर त्यांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये. बाबांना डचचा गंध नाही. मग यश माझ्याकडे येऊन डचमध्ये म्हणायचा, त्यांना सांग, मला भूक नाही. आजोबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. ऋता तर मान हलवण्यावरच भागवायची. एकदा भांडी पुसता पुसता बाबा मला म्हणाले, "नीरजा, मी या घरात पाहुणाच राहिलो गं. पोरं मला ओळखत नाहीत." मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. पण ते खरं होतं आणि मला ते लागलं.

भांडण झालं जुलैमध्ये. माझे आठ ट्रक बेल्जियमच्या हद्दीवर अडकलेले, कानात मॅनेजर, आणि बाबांनी शंभराव्यांदा विचारलं की या देशात एकही गड नाही का. मी फाडकन म्हणाले की आहे ना, लायडनला आहे चांगला किल्ला, जा घेऊन सगळ्यांना. त्यावर बाबांचाही आवाज चढला. म्हणजे किल्ला होता आणि मी पाच महिने लपवून ठेवला होता, असा माझ्यावर आरोप आला. त्यानंतर दोन दिवस आम्ही मिठाच्या बरणीपुरतंच बोललो.

शुक्रवारी फोन आला. भारतात नेणाऱ्या खास विमानात मंगळवारी एक जागा होती. बाबांनी आधी सासूबाईंना कळवलं, मग खुर्चीत बसले, मग उठून कॅलेंडरसमोर उभे राहिले. म्हणाले, मध्ये शनिवार आहे, गड करू. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझा रुसवा जागच्या जागी विरघळला.

मग मी पहिल्यांदा तो किल्ला नेटवर नीट पाहिला. फोटोत दारावर सिंह होता, गोल दगडी तट होता, सगळं कसं भारदस्त. खाली टेकाडाची उंची लिहिली होती, नऊ मीटर. आमच्या साताऱ्याच्या कॉलनीतली पाण्याची टाकी याहून उंच आहे. मी अभिरामला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, किल्ल्याची बढाई तू मारलीस. तिकडे स्वयंपाकघरात बाबा धपाटे थापत होते. गूळ-शेंगदाणे बांधून झाले होते, लिंबं, मीठ-साखरेची पुडी, टॉर्च, आणि दोर म्हणून माझी कपडे वाळत घालायची दोरी. उंचीचं कुणीच सांगितलं नाही.

पहाटे पाचला त्यांनी घर उठवलं. ऊन व्हायच्या आत गड चढायचा असतो. बाहेर तापमान चौदा. ऋताचं तोंड एवढंसं झालेलं, यशने पायजम्यावरच पँट चढवलेली. स्टेशनवर सगळ्यांनी मास्क लावले, यशच्या मास्कवर डायनासोरचे दात होते. बाबांनी आकडे वाटले. ऋता एक, यश दोन, मी तीन, अभिराम चार, ते स्वतः पाच. आणि गाडी समोर उभी असताना त्यांनी शिट्टी फुंकली. कंडक्टरने दचकून आपल्या शिट्टीकडे पाहिलं. ऋताने जमिनीकडे बघत डचमध्ये एक म्हटलं, यशने दोन फक्त माझ्या कोटाला सांगितलं. मला वाटलं बाबा रागावतील. ते म्हणाले, आकडा कुठल्याही भाषेत चालतो, ऐकू आला म्हणजे झालं.

हेगला गाडी बदलून साडेआठच्या आत आम्ही लायडनला पोचलो. कालव्याकाठी शनिवारचा बाजार नुकता मांडला जात होता. चीजची चाकं, फुलांच्या बादल्या, मासळीवाल्याची गाडी. बाबांना काय बघू आणि काय नको असं झालं होतं. प्रत्येक कालवा त्यांना खंदक वाटत होता आणि प्रत्येक पुलावर थांबून ते शत्रू कुठून येईल याचा विचार करत होते. मधूनमधून मान वर करून डोंगर शोधत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, गड कुठे आहे. मी एका बोळाकडे बोट दाखवलं.

सिंहाच्या दारापाशी बाबांनी उंबऱ्याच्या दगडाला हात लावून कपाळाला लावला, काठी सावरली आणि चढायला लागले. साधारण एका मिनिटात चढून झालं. यश तोवर वर जाऊन खाली आला होता. वर एक गोल तट, आत झाडं, एक विहीर. बाबा तटावरून एक फेरी मारून आले. त्याला दोन मिनिटं लागली. पाठीवर दोरी, हातात टॉर्च.

"नीरजा, झाला का हा?" त्यांनी विचारलं.

झाला, असं मी म्हणाले. मग ते त्या कमरेएवढ्या भिंतीवर हात ठेवून पुटपुटले, "या भिंतीवरून कोण कुणाशी लढणार?"

"लढायला नाही," मागून ऋता म्हणाली. "बघायला."

मराठीत म्हणाली. आम्ही तिघंही वळलो. ती चिडली होती. आणि तेव्हा मला आठवलं, मी तिची आई असून चार महिने विसरले होते ते. मार्चमध्ये तिचं स्प्रेकबर्ट होतं, म्हणजे वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलायचं. तिने साडेचारशे वर्षांपूर्वीचा लायडनचा वेढा हा विषय घेतला होता. दोन आठवडे खपून मोठा तक्ता केला होता, आरशासमोर पाठ केलं होतं. तिची पाळी मंगळवारी होती आणि सोमवारी शाळा बंद झाली. मे महिन्यात अर्धा अर्धा वर्ग भरू लागला तेव्हा बाईंनी तो कार्यक्रमच गाळला. तक्ता कपाटामागे पडून होता. तिने कधी तक्रार केली नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही.

बाबांनी काठी खाली ठेवली, तटाच्या पायरीवर मांडी घातली आणि म्हणाले, सांग बघू.

ऋता आधी डचमध्ये सुरू झाली. मग आजोबांकडे बघून थांबली आणि पहिल्यापासून मराठीत सुरू झाली. स्पेनच्या सैन्याने सगळीकडून गाव बंद केलं. खायला काहीच नव्हतं. लोकांनी कुत्रा खाल्ला, मांजर खाल्ली, झाडाची पानं खाल्ली. आजारी पडून खूप मेले. लोक मेयरवर चिडले, म्हणाले दार उघड. तर म्हणतात की मेयर म्हणाला, माझा हात कापा आणि खा, पण दार नाही उघडणार. शब्द अडला की ती हाताने दाखवत होती. बाबा मध्येच वेढा किती महिने, विहिरीला पाणी होतं का, निरोप कसे जायचे, असं विचारत होते आणि तिला सगळं येत होतं. कबुतरं, ती म्हणाली, निरोप कबुतर आणायचे.

"मग बाहेरच्या लोकांनी धरण तोडला. त्यांचीच शेती बुडाली, पण बोट यायला पाणी पाहिजे ना. रोज लोक इथे चढायचे, या भिंतीवर. बघायला, पाणी आला का. नाही आला. परत चढायचे. नाही आला." ती भिंतीवर वाकली आणि तिच्यामागे यशही वाकला. "आणि एक दिवस खूप वारा, खूप पाऊस, आणि पाणी आला. स्पेनवाले पळाले. बोटीतून मासे आले आणि पांढरा ब्रेड."

यशने हात वर करून उडी मारली, जणू बोट त्याला दिसली. कोपऱ्यातल्या बाकावरच्या एका डच आजोबांना त्यातला शब्दही कळला नसावा, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋता लाजून लाल झाली.

साताऱ्याला गडावर ते प्रत्येक मुलाला विचारत तोच प्रश्न बाबांनी तिलाही विचारला. तू आत असतीस तर दार उघडलं असतंस का? ती म्हणाली, नाही, आपण पण थांबलोच ना घरात. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"पस्तीस वर्षं गडावर मीच बोलत आलो," ते म्हणाले. "आज कुणीतरी मला सांगितलं."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला धुमाकूळ हाच शब्द. गड लहान आहे म्हणून तो पाच वेळा चढायचा असं बाबांनी जाहीर केलं. ऋता आणि यश तटावर उभे राहून उपाशी लायडनकर झाले. बाबा खाली अंगणात बोट झाले. माझी कपड्यांची दोरी वरून खाली सुटली, धपाट्यांची पिशवी तिला बांधली गेली आणि दोन्ही पोरांनी ती आरडाओरडा करत वर ओढली. यश वरून ओरडत होता, आजोबा, अजून पाठव, लोक मरतायत. मराठीत, गळा ताणून. मी अभिरामकडे पाहिलं तर तो हसता हसता डोळे पुसत होता. उतरताना बाबांनी शिट्टी फुंकली आणि एक, दोन असे खणखणीत आवाज आले. मग आम्ही बाजारात पांढरा पाव घेतला, यशने हट्टाने एक हेरिंग मासा शेपटीला धरून खाल्ला, आणि परतीच्या गाडीत दोघंही आजोबांच्या दोन खांद्यांवर झोपली.

मंगळवारी स्खिपोल विमानतळावर प्रवाशाखेरीज कुणाला आत सोडत नव्हते. दारापाशीच निरोप. बाबांनी शिट्टी काढून ऋताच्या गळ्यात घातली. तिने लगेच ती फुंकली, ठरल्यासारखी, आणि म्हणाली, एक.

पुढचा आकडा आला नाही. आम्ही सगळे यशकडे पाहू लागलो. डायनासोरच्या दातांमागे त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. ऋताने त्याला कोपराने ढोसलं.

"मी नाही म्हणणार," तो म्हणाला. "मग आजोबा जाऊ नाही शकत."

बाबा दुखऱ्या गुडघ्यांवर त्याच्यासमोर बसले. म्हणाले, तुझं बरोबर आहे, नियम म्हणजे नियम. पण तिकडे तुझी आजी एकटी निभावते आहे. "तुझा आकडा तुझ्याकडेच ठेव. पुढच्या गडावर सांग."

आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा आकडा पुरा न करता ते चालू लागले.

पुढचा गड यायला दीड वर्ष लागलं. दर रविवारी फोनवर ऋता शिट्टी वाजवायची, एक म्हणायची, आणि यश मान हलवायचा. फोनवर नाही, गडावर. २०२१च्या नाताळच्या सुट्टीत तपासण्या, फॉर्म, पुन्हा तपासण्या करून आम्ही साताऱ्यात पोचलो, आणि नियमाप्रमाणे सात दिवस घरात बसलो. यश गॅलरीत उभा राहून समोरचा अजिंक्यतारा बघायचा आणि हा नऊ मीटर नाहीये, असं सगळ्यांना बजावायचा.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही गडाच्या दरवाजाशी उभे राहिलो. बाबा थोडे थकलेले, गालफडं बसलेली. ऋताने शिट्टी फुंकली. एक. यशने आधी आजोबांकडे नीट पाहून घेतलं, त्यांचा हात धरला, आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं दोन म्हणाला. मी तीन, अभिराम चार. बाबांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटेना.

यशने त्यांचा हात ओढला.

"आजोबा, तू राहिलास. म्हण ना, मग आपण सगळे जाऊ."