वायर काढलेला फोन

“पोरगी लय गप हाय बगा. नंबर सांगितला तर नुसतं ‘हं’ म्हणती. ‘हं’वर गाडी चालत असती व्हय?”

आमच्या फाटकाचे गेटमन खिल्लारे काका फोन नीट ठेवायला विसरले होते. ते तिकडे गेटवर कुणाशी तरी बोलत होते आणि इकडे मला सगळं ऐकू येत होतं. ती पोरगी म्हणजे मीच. मी हळूच फोन खाली ठेवला...

आधीच सांगते, असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. घरात कुणी भुताखेतांचा विषय काढला की मी उठून जाते. आज मानते का? तेही सांगता येत नाही.

परभणीत स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आमची कंट्रोलची खोली आहे. पेडगावच्या बाजूच्या एका रेल्वे फाटकाला (कुठलं ते सांगत नाही) मोटर, सेन्सर आणि कॅमेरा बसवला होता. खोलीतून कमांड द्यायची, फाटक बंद होतं, पडद्यावर हिरवं येतं आणि तेव्हाच फाटकाचं चित्र समोर दिसतं. ते बघून मी ‘कन्फर्म’ दाबलं की गाडीला सिग्नल. मी तिथे कंत्राटी ऑपरेटर.

सुरुवातीचे काही आठवडे जुनी पद्धतही सोबत चालू होती. गेटमनकडे आकड्यांचा एक तक्ता असतो. फाटक स्वतःच्या हातानं लावलं की तो त्यातला पुढचा आकडा फोनवर सांगतो. आकडा मिळाला म्हणजे फाटक बंद. नाही मिळाला तर गाडी उभी. काका ‘सदुसष्ट’ म्हणायचे आणि मी नुसतं ‘हं’. इंग्लिश मीडियममुळे मला मराठी आकडे पटकन कळत नाहीत. मग ते म्हणायचे, “सिक्स सेव्हन, मॅडम. आता तुमी म्हणा. मोठ्यानं.”

शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, “मॅडम, मशीन कधी न्हाई म्हणती का?”

“एरर येतो,” मी म्हणाले.

“आन् न्हाई आला तर?”

दुसऱ्या दिवशी त्यांची बदली झाली, गेटवरच्या खोलीला कुलूप लागलं. माझ्या टेबलावरच्या त्या फोनची वायर काढून, गुंडाळून, रबर लावून मीच फोनखाली ठेवली. स्टोअरला जमा करायचा म्हणून तो तिथेच पडून होता.

त्यानंतर साधारण दहा दिवसांनी, दुपारी सव्वाबाराला, एक्सप्रेस येणार होती. मी कमांड दिली. हिरवं आलं. चित्रात दोन्ही दांडे खाली. माझं बोट ‘कन्फर्म’वर होतं.

आणि तो फोन वाजला.

मी उचलला. का, माहीत नाही... फोन वाजला की उचलायचा, एवढंच डोक्यात असावं. आधी वारा. मग कुणीतरी खोकलं. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज, शांत, “फाटक उघडं हाय. नंबर देत न्हाई.”

बस. एवढंच.

शेजारी जाधव सर, आमचे सुपरवायझर, डबा खात होते. त्यांना रिंग ऐकू आली नाही. मी तो मेलेला फोन कानाला लावलेला मात्र त्यांनी पाहिला.

“अगं, काय चाळे चाललेत? हिरवं आहे ना? दे मग!”

स्टेशनवरूनही विचारणा झाली. मी बटणावरून हात काढून घेतला. आणि मग, नंतर, मला चित्रात खांबाची सावली दिसली. भर दुपारी ती रस्ताभर लांब पसरली होती. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर चालत होतं, पण चित्र सकाळच्या गाडीच्या वेळचं, गोठलेलं होतं.

गाडी थांबली. माणूस पाठवला. कापसाच्या ट्रॉलीनं पलीकडचा दांडा मोडला होता, पण त्याचं टोक लॉकमध्ये तसंच अडकलेलं, म्हणून सेन्सरच्या लेखी फाटक बंद. त्या बाजूनं रस्ता सताड उघडा होता. माणूस पोचला तेव्हा शाळेची एक रिक्षा रूळ ओलांडत होती. मुलं हात बाहेर काढून ओरडत होती म्हणे.

संध्याकाळी मी काकांना फोन केला. दुपारी सव्वाबाराला ते त्यांच्या नव्या गेटवर ड्युटीवर होते. आवाजाचं सांगितलं, खोकल्याचंही.

“मला काम शिकवलेला माणूस खोकायचा,” ते म्हणाले. “त्याला जाऊन लय वर्षं झाली. पण मॅडम, परभणीत खोकणारे काय कमी हायत का? जाऊ द्या.”

मेकॅनिकनं फोन उघडून पाहिला. त्याच्या मते वायरशिवाय त्याची घंटा वाजूच शकत नाही. मला ते आधीच माहीत होतं. त्यावर मी खूप विचार केला, अजूनही करते.

लेखी रिपोर्टमध्ये मी फक्त सावलीचं लिहिलं. जाधव सर म्हणाले, “तेवढंच पुरे. फोनबिन लिहिलंस तर कंत्राट गेलं समज. आणि वेडी म्हणतील ते वेगळंच.” मलाही तेच वाटत होतं.

आठवड्याभरानं मीटिंग झाली. मोठे साहेब माझ्याकडे बघून हसले. “मॅडमनी नुसत्या सावलीवरून पकडलं! म्हणजे ऑपरेटर अलर्ट असला की गेटवर माणसाची गरज नाही, हे सिद्ध झालं. बाकीच्या फाटकांवरची माणसं आणि फोन याच महिन्यात काढून घेऊ.” टाळ्या वाजल्या. जाधव सरांनीही वाजवल्या, माझ्याकडे न बघता.

मला ती रिक्षा दिसत होती. मी सावली शोधत नव्हते. तो फोन आला नसता, तर मी बटण दाबलं असतं.

“काही ॲड करायचंय, मॅडम?”

मी नेहमीसारखं ‘हं’ म्हणणार होते. मग मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “सर, सावली मी नंतर पाहिली. आधी गेटवरून माणसाचा फोन आला होता.”