दोन ओळींची चिठ्ठी

जहूरभाई कोणीही भेटलं की आधी हात पुढे करायचे. नवा माणूस हात मिळवायला जायचा. जहूरभाईंना त्याच्याकडचा कागद हवा असायचा.

ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती.

ते रत्नागिरीकडचे. आखातातल्या रास अल खैमात त्यांनी चोवीस वर्षं फरशी बसवली. माप घेतल्याशिवाय एक तुकडा कापला नाही, आणि कापलेला तुकडा कधी वाया गेला नाही. गुडघे गेले तेव्हा थापी खाली ठेवली आणि मुलाच्या, फहदच्या व्हिसावर राहिले. तिथं आपल्या लोकांनी चालवलेली एक शाळा होती. मजुराच्या पोरालाही दार उघडं असलेली ती एकच. पालकांचं आणि शाळेचं वाजलं की मधे पडायला समितीला कोणीतरी हवं होतं. प्रिन्सिपॉलनी त्या कामाला ‘ओम्बड्समन’ म्हटलं. लोकांनी त्याचं ‘मधला माणूस’ केलं. जिन्याखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळाल्या.

“मधे पडणाऱ्याला दोन्हीकडून लाथा,” त्यांची बायको झुबेदा म्हणायची.

“दोन्हीकडून ठोकल्याशिवाय फरशी बसत नाही,” ते म्हणायचे.

कामाची रीत त्यांनी स्वतःच ठरवली होती. दोघांचं ऐकायचं. दोघांच्या घरी जायचं. कागद असेल तर स्वतः वाचायचा. चार वर्षं त्यात खाडा झाला नाही. मग अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात एकदा झाला.

त्या दिवशी स्कूलबसवरून भांडण होतं. तीन आया एकदम बोलत होत्या. तेवढ्यात किसन आला. तो बीडकडचा, खडीच्या खाणीवर डंपर चालवायचा. वर्षापूर्वी बायको कावेरी आणि नऊ वर्षांची दर्शना गावाहून आली होती. दर्शनाला शाळेत जागा मिळवून दिली ती जहूरभाईंनीच. ती चौथीत होती. बोलायला चुणचुणीत, पण वाचायला बसली की अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा सोडायची.

“जहूरभाई, हिंदीच्या टीचरनं चिठ्ठी धाडलीय,” किसन दारातूनच म्हणाला. “पोरगी लई चेष्टा करती म्हणं. विशेष शिक्षा द्या म्हणत्यात. देऊ का?”

चिठ्ठी त्याच्या हातात होती. हात पुढे केलेला होता.

“टीचर उगाच लिहीत नाही, किसनराव. शाळेचं ऐका. यल्ला, चला, पुढच्या आठवड्यात बसू आपण.”

“नाव तर न्हाई ना काढणार? काढलं तर मायलेकींना गावाला धाडावं लागंल.”

“ऐकलंत तर कशाला काढतील?”

किसननं चिठ्ठीची घडी घातली आणि गेला. पुढचा आठवडा आला आणि गेला.

पाच आठवड्यांनी प्रिन्सिपॉलनी दोघांना ऑफिसात बोलावलं. हिंदी शिकवणाऱ्या अर्चना टीचर आधीच बसल्या होत्या. त्या कानपूरच्या. त्यांनी दर्शनाची वही टेबलावर ठेवली, जवळजवळ आपटलीच. पानामागून पान एकच ओळ होती.

‘मी चेष्टा करणार नाही.’

“देखिए! रोज़ सौ बार,” टीचरचा आवाज चढला. “जिस बच्ची की मैंने तारीफ़ लिखी, वो मेरे मुँह पर लिखकर लाती है! क्लास में अब मुँह तक नहीं खोलती।”

“टर्म के बाद नाम काट देंगे,” प्रिन्सिपॉल म्हणाले. “जो कोशिश ही न करे, उसके लिए सीट नहीं है।”

किसनला ‘नाम काट देंगे’ तेवढं कळलं. तो उठून उभा राहिला.

“आता आणखी काय करू, जहूरभाई? रोज साळंतनं आली की तासभर गच्चीवर उन्हात उभी करतो. शंभर डाव लिहून घेतो. रडली तरी सोडत न्हाई. अजून चेष्टा करती का ती?”

जहूरभाईंना फरशीखाली पोकळ वाजावं तसं काहीतरी ऐकू आलं.

“मॅडम, तारीफ़? कौनसी तारीफ़?”

“चिट्ठी में लिखी तो थी। इन्हें अंग्रेज़ी नहीं आती, इसलिए हिंदी में लिखी।”

किसननं लेबर कार्डाच्या प्लॅस्टिकमधून चिठ्ठी काढली. पाच आठवडे तिथंच होती. जहूरभाईंनी हात पुढे केला. दोनच ओळी होत्या.

‘दर्शना बहुत चेष्टा करती है। उसे विशेष शिक्षा मिलनी चाहिए।’

“मॅडम, ये चेष्टा मतलब?”

“मतलब कोशिश। मेहनत। और ये रोज़ लिखती है, नहीं करूँगी!”

“और शिक्षा?”

“पढ़ाई। मैं छुट्टी के बाद उसे अलग से पढ़ाना चाहती थी। जवाब ही नहीं आया।”

जहूरभाई खुर्चीत बसले. साइटवर यूपीवाल्यांबरोबर ते चोवीस वर्षं हिंदीच बोलले होते. त्यात कोशिश होती, पढ़ाई होती. हे दोन शब्द कधी आलेच नव्हते. त्यांनी आधी हिंदीत सांगितलं, आपल्याकडे चेष्टा म्हणजे टिंगल आणि शिक्षा म्हणजे सज़ा. अर्चना टीचरनी तोंडावर हात ठेवला. मग किसनला मराठीत सांगितलं.

किसन ओरडला नाही. “म्हंजी ती मेहनत करीत हुती?”

“हो.”

“आन मी तिला...” तो जहूरभाईंकडे वळला. “तुमी म्हणलात, शाळेचं ऐका.”

“म्हणालो. चिठ्ठी तुमच्या हातात होती आणि मी ती घेतली नाही.” हेही त्यांनी दोन्ही भाषांत सांगितलं. प्रिन्सिपॉलनी नाव काढायचा कागद फाडला.

अर्चना टीचर वहीची पानं उलटत होत्या. पहिल्या पानावर वेलांट्या उलट्या, ‘ष्ट’ची मोडतोड. शेवटच्या पानावर एकही चूक नव्हती. “पूरे साल में यही एक वाक्य है, जो उसे बिना ग़लती के आता है,” त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

दर्शनाला वर्गातून बोलावलं. नाकावरची कातडी उन्हानं सोललेली होती. बापाला बघून ती दारातच थांबली. जहूरभाई गुडघे न जुमानता तिच्यासमोर खाली बसले.

“बेटा, टीचरनं लिहिलं होतं की तू खूप मेहनत करतेस. वाचायला आम्ही चुकलो. मी आणि तुझे पप्पा.”

तिनं वहीकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

“अंकल,” तिनं हळूच विचारलं, “आजबी शंभर डाव?”



“न्हाई,” किसन म्हणाला. त्यानं टेबलावरची वही घेतली, खिशातून डंपरच्या फेऱ्या लिहायचं पेन काढलं. “आज मी लिहितो. काय लिहू ते तू सांग.”