संध्याकाळच्या आभाळाचं पान

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, शाळेतल्या सोबत्यांपाशी नाही, आणि देवापुढे हात जोडतो तेव्हाही नाही — तिथे मी इतर बारीकसारीक चुकाच पुढे करतो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही नरहरअण्णांना ओळखत नव्हता. ओळखत असता तर तुमच्याकडे बघत मला हे बोलताच आलं नसतं.

अण्णा नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. जुन्या हुबळीत कापसाची एक रिकामी वखार त्यांनी घेतली होती. तिथे जमिनीवर कापड अंथरायचं, त्यावर अनवाणी चालत रंगवायचं, आणि वाळलं की दोरांनी वर ओढून बघायचं. मराठी कंपन्यांचं काम असायचं, कन्नड कंपन्यांचंही असायचं. शिक्षण म्हणाल तर मराठी चौथी. मी धारवाडला हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर — मुंबईची परीक्षा पास झालेला. सर्टिफिकेट चौकटीत घालून भिंतीवर लावलेलं होतं, अजूनही आहे. शनिवारी दुपारची गाडी धरून मी हुबळीला जायचो आणि सोमवारी पहाटे परत यायचो. अण्णांना मदत करायला, असं घरी सांगायचो. खरं तर शिकायला जायचो, पण तसं तोंडाने म्हणायला जीभ वळत नव्हती.

सांगतो. पण आधी वहीबद्दल सांगू द्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पडद्याचा रंग म्हणजे पुडीचा रंग, गरम सरसात, म्हणजे कातड्याच्या डिंकात, कालवलेला. तो ओला असताना एक दिसतो आणि वाळला की भलताच होतो, चांगला दोन पायऱ्या फिका. तेव्हा रंग लावताना डोळ्यांचा काही उपयोग नाही. आधी कधीतरी कालवून, वाळवून, लिहून ठेवलेलं असेल तेच खरं. अण्णांनी वीस वर्षं असं लिहून ठेवलं होतं. जाड वही, खादीच्या कापडात बांधलेली. एका रंगाला एक पान. वर वाळलेल्या रंगाचा कापडी तुकडा खळीने चिकटवलेला आणि खाली मापं, शिंपलीच्या हिशेबात. सफेता इतक्या शिंपल्या, गेरू इतक्या, नीळ इतक्या. अण्णांना आकडे लक्षात राहत नसत. रंग मात्र एकदा पाहिला की जन्मभर राहायचा.

आणि मापांच्या खाली, मधल्या रिकाम्या पानांवर, कडेला आडवंतिडवं — त्यांचे विचार. तांबडा पुढे येतो, निळा मागे सरतो, म्हणून राजाच्या पाठीमागे तांबडी भिंत देऊ नये, राजा भिंतीत जातो. रेघा धावतात तिकडे डोळा धावतो, म्हणून सगळ्या रेघा नटाच्या डोक्याकडे आणाव्यात, आणि नट नसेल तेव्हा पडदा अपुरा वाटला पाहिजे. एका पानावर नुसता बाण काढलेला, आणि खाली लिहिलेलं: उजेड कुठून येतो ते पहिल्यांदा ठरवावं, मग एकाही सावलीला त्याच्याविरुद्ध जाऊ देऊ नये. मुंबईला दोन वर्षं आम्हाला गोऱ्या साहेबांच्या पुस्तकांतून जे शिकवलं ते या चौथी पास माणसाने चार ओळींत लिहिलं होतं, आणि जास्त बरोबर लिहिलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

आता ते देवळाचं. एका कन्नड कंपनीचा मोठा पडदा होता — समोर देऊळ, मागे संध्याकाळचं आभाळ. देवळाचे खांब मला दिले होते. मी ते झोकात रंगवले. कंपनीचे मालक बघायला आले आणि त्याच वेळी अण्णाही येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या देवळात उजेड कुठून यायलाय हो? या खांबाची सावली डावीकडं, त्याची उजवीकडं. दोन सूर्य उगवलेत की!"

मालक पोट धरून हसले. अण्णांनी ओला बोळा माझ्या हातात दिला आणि खांब पुसायला लावले. त्यांच्या मनात काही नव्हतं. स्वतःचं चुकलं तर ते स्वतःचंही असंच पुसायचे आणि असंच हसायचे. पण मी सर्टिफिकेटवाला! वखारीत गुडघ्यांवर बसून, मालकांच्या देखत, मी माझे खांब पुसत होतो, आणि कानशिलं तापली होती.

निघताना अण्णांनी ती वही माझ्यापुढे धरली. कुणाला हात लावू न दिलेली वही. "मी जरा जास्तच बोललो, मास्तर. राग धरू नका. घरी नेऊन वाचा, पुढल्या शनिवारी आणा." माझी समजूत घालायला त्यांच्याकडे याहून मोठं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग मी काय केलं?

आठवडाभर ती वही वाचली. वाचत गेलो तसा राग विरघळायचा सोडून चढतच गेला. आणि शुक्रवारी दुपारी, शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत एकटा असताना, संध्याकाळच्या आभाळाचं पान उघडलं. पुढच्या आठवड्यात तेच आभाळ भरायचं होतं. तिथे लिहिलं होतं — नीळ २. मी तशीच शाई घेतली, टाक घेतला, आणि दोनाच्या खाली एक गाठ देऊन त्याचा तीन केला.

एवढ्यावर थांबलो असतो तर ते लगेच उघडकीला आलं असतं, कारण वरचा तुकडा खरा होता. म्हणून मी नव्या मापाने रंग कालवला, कापडाच्या तुकड्याला लावला, वाळवला, कडा चहाच्या पाण्याने जुन्या केल्या, आणि तो अण्णांच्या तुकड्यावर नेमका बसवून चिकटवला. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही रंगवलेलं नाही. आता यावरून सांगा, हे रागाच्या भरात झालं असं म्हणायला मला तोंड आहे का?

मला काय हवं होतं तेही सांगतो. पडदा वर जावा, आभाळ मळकट निघावं, मालकांनी नाक मुरडावं, आणि अण्णांची मान एकदा, एकदाच, खाली व्हावी. बस्स.

आभाळ अण्णांनीच भरलं. वही उघडी ठेवून, शिंपल्या मोजून, दिवसभर. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा वर ओढला. अण्णा त्यांच्या सवयीप्रमाणे, जिथे गॅसबत्त्या लागणार तिथे जाऊन उभे राहिले. बघत राहिले.  मी एका दोराला धरून उभा होतो, आणि दोर हाताला काचत होता तरी सोडत नव्हतो.

"मला जांभळं दिसायलंय," ते हळूच म्हणाले.

त्यांनी कोनाड्यातली वही घेतली, दाराच्या उजेडात नेली, पान पाहिलं, पडदा पाहिला, पुन्हा पान पाहिलं. दोन्ही एक. आकडे बोट ठेवून वाचले. अक्षर स्वतःचं. तुकडा पडद्याला लावून बघितला — तंतोतंत. आणि मग त्यांचा चेहरा जो उतरला तो मी विसरू शकत नाही. मला वाटलं होतं, ते रंगाला नावं ठेवतील, व्यापाऱ्याला शिव्या देतील, नाहीतर माझ्याकडे संशयाने बघतील. माझी सगळी उत्तरं तयार होती. पण अण्णांनी वहीवर शंका घेतली नाही. त्यांनी डोळे चोळले.

त्यांच्या वडिलांची दृष्टी साठीच्या आत गेली होती. हे मला माहीत होतं. ती दुपार, तो शाईचा टाक — तेव्हा ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण आता, त्या क्षणी, आलं. हे लक्षात ठेवा. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं.

अण्णा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमची नजर ताजी आहे. सांगा की. तांबूस आहे का हे?"

एक शब्द पुरला असता — नाही. दोन अक्षरं! माझी फजिती झाली असती, हुबळीची वाट बंद झाली असती, शाळेपर्यंत बोभाटा झाला असता — झालं असतं ना. पण अण्णा पुन्हा हसले असते.

मी म्हणालो, "तांबूसच आहे, अण्णा. वहीसारखंच."

मालक आले, "छलो ऐत्री, छलो ऐत्री" — झकास झालंय — म्हणत खूश होऊन गेले. नाटक झालं. मी पुढच्या रांगेत बसून लोकांच्या तोंडाकडे बघत होतो. कुणी नाक मुरडलं नाही, कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. आभाळ ते आभाळ! त्या सबंध थिएटरात ते चुकलेलं आहे हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला वाटत होतं की चूक त्याच्या डोळ्यांची आहे.

अण्णांनी त्यानंतर कुंचला धरला नाही. वय बावन्न. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं. अण्णा म्हणाले, "डॉक्टर अक्षरं वाचायला लावतात. अक्षरं काळीच असतात की." लोक म्हणाले, बोलपट आले, पडद्यांना गिऱ्हाईक कोण, नरहरअण्णा शहाणे, वेळेवर थांबले. मीही तसंच म्हणत आलो. वखार सोडताना त्यांनी वही मला दिली. "डोळे तुमचे धड आहेत, तुम्ही चालवा." मी ती घेतली. तिच्यावरून मुलांना शिकवून नाव मिळवायचा बेत तिथेच, वही हातात घेतानाच, माझ्या मनात होऊन गेला.

इथे संपलं असतं तर मी कदाचित हे सांगितलंही नसतं. खरं पुढे आहे.

अण्णा आणि त्यांची बायको, आमच्या काकू, धारवाडला, केलगेरीला राहायला आले. माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. रविवारी संध्याकाळी मी त्यांना तलावावर फिरायला न्यायचो. लोक माझं कौतुक करायचे — गुरूची किती सेवा करतो म्हणून. बांधावर बसलं की अण्णा पश्चिमेकडे बघायचे आणि विचारायचे, "मास्तर, आज आभाळ कसं आहे? मला तांबूस दिसायलंय, कडेला केशरी. आहे का तसं?"

तसंच असायचं. शब्दाला शब्द.

आणि मी काय म्हणायचो? हो म्हटलं तर? आज हो, पुढच्या रविवारी हो — अण्णा काही खुळे नव्हते. डोळे बरोबर असतील तर त्या दिवशी काय चुकलं होतं, हे त्यांनी शोधून काढलं असतं. वही मागितली असती. म्हणून मी म्हणायचो, "थोडं निळसर आहे, अण्णा. जांभळ्याकडे झुकलंय." ते मान हलवायचे. "असं काय," म्हणायचे, आणि पुन्हा बघायचे, जणू नीट बघितलं तर दिसेल.

एकदा नाही. दोनदा नाही. सहा वर्षं, पाऊस सोडला तर जवळजवळ दर रविवारी. टाकाने मारलेली रेघ एका दुपारची होती. हे मी दर आठवड्याला, त्यांच्या शेजारी बसून, त्यांनी दिलेल्या शेंगा खात केलं.

गेल्या वर्षी तापाने ते गेले. बाराव्याला मी घरी गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचे फार उपकार झाले हो, मास्तर. शेवटी शेवटी ते तुमच्याच डोळ्यांनी बघत होते. मी आभाळ तांबडं आहे म्हटलं तर म्हणायचे, थांब, रविवारी मास्तर सांगतील."

मी चहा प्यालो आणि घरी आलो.

परवा मी ते पान काढलं. वरचा तुकडा पाण्याने भिजवून सोडवला. खालचा, अण्णांचा, अजून तसाच आहे. वही घेऊन संध्याकाळी केलगेरीला गेलो, बांधावर नेहमीच्या जागी बसलो आणि तुकडा पश्चिमेकडे धरला. तांबूस, कडेला केशरी. कुठे आभाळ संपतं आणि कुठे कापड सुरू होतं ते क्षणभर मलाही कळेना. मग अंधारून आलं.

पानावरचा आकडा मी दुरुस्त केलेला नाही. दोन अण्णांचा आहे. त्याच्या खालची गाठ माझी आहे.