शेंदराखालचा निळा

लेक वंदी पुन्हा टेकडीवर सायकल घेऊन जाते म्हणाली आणि माझी झोप उडाली. आदल्या साली ती उतारावर पडली, तेव्हा मनगटात सळी घालावी लागली होती.

"डॉक्टरनं सायकल चालवाले हो म्हटलं, बाबा."

"अन् पडाले?"

ती नुसती हसली. मग मीही निघालो, माझ्या जुन्या काळ्या सायकलवर. ही २००८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी शाळा सातवीतच सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या सेलूहून हिंगणीपर्यंत डांबरी रस्ता आहे. उजाडताच निघालात तर ट्रक कमी लागतात आणि दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला पांढराशुभ्र कापूस दिसतो. हिंगणीला चहा घेतला आणि गरम आलूबोंडे खाल्ले, दोघांचं वीस रुपयांत भागलं. पुढे पाणी मिळेल का, या धास्तीनं मी हँडलला दोन्हीकडे बाटल्या टांगल्या होत्या.

"धरण संगं घेऊन चालले का बाबा?" वंदी म्हणाली.

चहा पिताना तिनं मला रंग समजावले. तिच्या नागपूरच्या सायकलवाल्या मित्रांनी उन्हाळ्यात इथल्या वाटांवर दगड रंगवून ठेवले होते. "हिरवी वाट सोपी, तिच्यावरून तुमीबी जासान. निळीले सराव लागते. लाल म्हणजे खडा उतार अन् सुटे दगड. काळी आपल्यासाठी नाई."

"तू पडली ते कोणती होती?"

"लालच म्हणा. तवा रंग नव्हता." मग हळूच म्हणाली, "आज निळीच्या वर नाई जात. शब्द देतो."

"पण रंग उन्हाळ्यातला. पावसानं वाट खरडून नेली असंन तर?"

"मंग एक रंग वरचा समजाचा," ती म्हणाली. हे मात्र मला पटलं. तुम्हीही लक्षात ठेवा. आणि जवळच्या अभयारण्यात सायकल नेता येत नाही. आम्ही हद्दीबाहेरच्या टेकड्यांवर गेलो, तेही गावात विचारूनच.

हिरवी वाट खरंच सोपी निघाली. सागाची वाळकी पानं चाकाखाली वाजत होती. मला प्रत्येक आवाजात बिबट्या ऐकू येत होता, पण दिसले ते मोरच. चढावर उतरून सायकल ढकलली, त्यात लाज कसली?

वर वाट फुटली. डाव्या फाट्याला लालभडक दगड, उजव्याला काहीच खूण नाही.

"डावी लाल आहे. म्हणजे उजवी निळी," म्हणत वंदीनं हँडल उजवीकडे वळवलं.

मी मात्र सायकलवरून उतरलो. शेंदूर लावलेला दगड दिसला आणि हात न जोडता पुढे गेलो, असं माझ्याकडून कधी झालं नाही. चपला काढून वाकलो, तर शेंदराचा एक पोपडा निघालेला आणि खाली निळा ऑईलपेंट!

"वंदे, थांब! थांब माय!"

तिनं करकचून ब्रेक दाबला. तेवढ्यात बकऱ्या घेऊन एक म्हातारी आली. तिला विचारलं तर म्हणाली, "कोणी देव मांडून गेलं अन् निळा रंग फासला. निळा मारुती असते का कुठं? म्या शेंदूर लावला, नारळबी फोडला."

"अन् उजवीकडची वाट, आजी?"

"तिकडं नाला हाये बापा. माह्या बकऱ्याबी नाई उतरत."

आम्ही चालत जाऊन पाहिलं. वळणापलीकडे वाट एकदम तुटली होती आणि खाली सुटे धोंडे पडले होते. त्यातल्या एकावर लाल पट्टा होता, उजव्या वाटेची खूण पावसानं गडगडत खाली नेलेली. वंदी मनगट दाबत उभी राहिली.

परत येऊन तिनं हेल्मेट काढलं, दगडापुढे हात जोडले आणि डावीकडच्या निळ्या वाटेनं हळूहळू उतरली. मी सायकल ढकलत मागून, "ब्रेक! ब्रेक!" ओरडत. खाली पोचल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमचाच ब्रेक जास्त वाजून राह्यला होता."

तिचे मित्र आता दगड रंगवत नाहीत, झाडाला पत्र्याच्या पाट्या बांधतात. त्या देवाचे, त्या म्हातारीचे आणि तिच्या बकऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दिवेलागणीला सेलूला पोचलो. वर्षभर वंदीनं त्या हातानं भरली बादलीही उचलली नव्हती. अंगणात तिनं सायकलची दांडी त्याच हातात धरली आणि एका झटक्यात ओसरीवर चढवली.

माझ्या तोंडात "सांभाळून" आलं होतं. ते मी गिळलं.