घरटी एक माणूस

पाखरांना राहायला जागा उरलेली नाही, हे मला लोणावळा स्टेशनच्या पार्सल हापिसात बसल्या बसल्या कळलं. कुणीतरी साहेब वेटिंग रूममध्ये एक विलायती मासिक विसरून गेला होता. त्यात फोटो होता. झाडाला टांगलेली लाकडी पेटी, पेटीला गोल भोक, भोकातून डोकावणारं पाखरू आणि खाली पाइप ओढत उभा असलेला एक समाधानी गृहस्थ. त्या गृहस्थाच्या जागी मला मीच दिसलो (पाइप सोडून! आमच्याकडे साध्या विडीवरून महाभारत व्हायचं) आणि त्याच संध्याकाळी चहाची रिकामी खोकी मोडून मी पेट्या ठोकायला बसलो.

"आपल्या खोलीपुढे झाड कुठाय? टांगणार कशाला? माझ्या नाकाला?" आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे अनसूयेनं विचारलं.

"तुझ्या माहेरी! परसात एवढा थोरला आंबा आहे की!"

तिचा चेहरा पडला. "अहो, नको हो. तिथं आधीच..."

आधीच काय, ते मला ठाऊक होतं. तिचे वडील भाजे गावातले जुने शेतकरी, सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. माणूस दिवसभर खुर्चीत बसतो आणि वर त्याला पगार मिळतो, हे लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्यांच्या गळी उतरलं नव्हतं. "पावणं, हातानं काय करता का न्हाई?" असं ते दर भेटीत विचारत. म्हणूनच तर! स्वतःच्या हातानं केलेल्या तीन पेट्या त्यांच्याच आंब्यावर लावायच्या आणि त्यांचं तोंड कायमचं बंद करायचं, असा माझा बेत होता.

भाज्याचा सखाराम रोज लोणावळ्यात दूध घालून सकाळच्या गाडीनं परत जायचा. गाडी सुटता सुटता मी त्याला गाठलं.

"सखाराम! आबांना सांग, रविवारी येतोय! घरटी लावायची आहेत, एक माणूस हवा!"

नेमकी 'लावायची आहेत'वर इंजिनानं शिट्टी ठोकली.

"काय?" तो दारातून ओरडला.

"घरटी!" मी गाडीबरोबर धावत ओरडलो, "एक माणूस!"

"व्हय व्हय, सांगतो!" म्हणत सखाराम गेला, आणि मीही निर्धास्त मनानं पार्सलं मोजायला गेलो.

आता आमच्या मावळात 'घरटी एक माणूस' हे काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. डोंगराला वणवा लागला, बिबट्या शिरला की गावात हाक फिरते, घरटी एक माणूस! मग 'कशाला?' असं कुणी विचारत नाही. हातातलं काम टाकून प्रत्येक घरातून एक जण बाहेर पडतो. भाज्यात ही हाक घालायचा मान आबांचा होता, आणि त्यांनी ती उगाच कधी घातली नव्हती.

रविवारी काखेत पेट्या, हातात हातोडा आणि डोक्यावर उसनी आणलेली सोला हॅट अशा थाटात मी अनसूयेसह आबांच्या परसात शिरलो. बघतो तर पाय ठेवायला जागा नाही!

"वणवा कुटं हाय?" खांद्यावर घोंगड्या आणि हातात हिरवे डहाळे घेतलेली मंडळी विचारत होती.

"वणवा न्हाई, बिबट्या हाय म्हनं!" एकानं डफ आणला होता.

एक म्हातारबुवा दोन लांब बांबू घेऊन आले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "मयत कोन झालंय?"

आबा पुढे आले. "सांगा पावणं! तुमच्या निरोपावर गाव गोळा केलाय. काय संकट हाय?"

मी पेट्या पुढे केल्या. "ही... घरटी."

"ही?"

"पाखरांची."

पुढच्या दोघांनी पेटीच्या भोकातून आत डोकावून बघितलं. मग डफवाला फिस्सकन हसला, आणि पाठोपाठ सगळा गाव!

"पाखरांचं हात मोडलं का काय, पावण्यांनी घरं बांधून द्याया?"

"आबा, म्होरल्या बारीला आदी इचारूनच येऊ हां!"

आबा तेवढे हसले नाहीत. मला गोठ्यापाशी घेऊन गेले. "पावणं, उद्या खरंच वणवा पेटला तर माझ्या हाकंला कोन येनार?" आवाज चढला असता तर बरं झालं असतं, पण तो बसला होता. दारात अनसूया तोंडाला पदर लावून उभी. हसत असेल म्हणून बघितलं, तर डोळे भरलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता काहीतरी करून दाखवणं भाग होतं! मी तोंडात खिळे धरले, पेटी गळ्यात अडकवली आणि आंब्यावर चढलो (शेवटचा कधी चढलो होतो ते आठवत नव्हतं, ते वर गेल्यावर लक्षात आलं). नेमक्या त्याच फांदीवर लाल मुंग्यांचं भरलं घर होतं. मी पहिला खिळा ठोकला, आणि अख्खं बिऱ्हाड विचारपूस करायला माझ्या सदऱ्यात शिरलं.

"घोंगडी धरा रं! पावणं आलं!"

मी आलोच. घोंगडी चौघांनी धरली होती, पण चौथ्याला हसू आवरेना म्हणून त्यानं कोपरा सोडून पोट धरलं. माझा पाय मुरगळला आणि घोटा सुजून टम्म झाला.

"म्या म्हनलंच व्हतं, बांबू लागत्याल!" म्हातारबुवांना केवढा आनंद! दोन बांबूंना घोंगडी बांधून झोळी झाली. डहाळ्यांनी माझ्या मुंग्या झाडल्या गेल्या. खांदे बदलत बदलत सारी मंडळी मला मळवली स्टेशनाकडे घेऊन निघाली. पुढे डफ वाजत होता. आणि त्याच्याही पुढे आबा, ताठ मानेनं!

वाटेत भेटेल तो विचारी, "काय झालं वं?"

"जावय झाडावरनं पडलं," आबा सांगत होते. "म्या मानूस वळखून हाय! आदीच घरटी मानूस बोलावून ठिवलावता, म्हनून निभावलं!"

"खरंय आबा," झोळीला खांदा दिलेले म्हणाले. आबांची हाक वाचली होती. मग मीही झोळीतून मान हलवली.

उरलेल्या दोन पेट्या सासूबाईंनी कोंबड्यांना दिल्या. पाखरंच ती शेवटी! पण आजही मी घरात हातोडा उचलला, की अनसूया स्वयंपाकघरातून गंभीरपणे विचारते, "अहो, आधी आबांना कळवू का? घरटी एक माणूस?"