बार्शीटाकळीच्या पुढे, कोरमच्या शोधात

सतरा वर्षं दहावीला राज्यशास्त्र शिकवते आहे आणि आजवर एकाही ग्रामसभेला गेलेले नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे हसणाऱ्यांची सोय होईल.

यंदा आमच्या अमरावतीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "लोकसहभागाचा उपक्रम काहीतरी वेगळा करा, मागच्या वर्षीसारखी फेरी नको." मागच्या वर्षी मुलं फलक घेऊन चौकाला वळसा घालून आली होती. एका मुलीने फलक शेवटपर्यंत उलटा धरला होता आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्याच आठवड्यात कुंदाचा फोन आला. कुंदा माझी बी.एड.ची मैत्रीण, बार्शीटाकळीच्या पुढच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. "माह्या पोरीईनं गावची ग्रामसभा भरवली, कोरम पुरा," ती म्हणाली. "तू ये एकडाव. मले तुले काही इचारायचं आहे." मी दोन किरकोळ रजा टाकल्या आणि निघाले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. अमरावतीहून बडनेऱ्याला शेअर ऑटो, तिथून सकाळची अकोल्याची गाडी. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीला बसा, दोन्ही बाजूंना हरभरा आणि वेचणी संपलेली कपाशीची पऱ्हाटी दिसते. अकोल्याच्या बसस्टँडवर आलूबोंडा खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. बार्शीटाकळीला एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट. तिथून गावापर्यंत मात्र काळीपिवळी जीप, तीही भरेल तेव्हा सुटणार. मी पाऊण तास बसून होते. शेजारच्या काकूंना विचारलं, "गावाला एसटी नाही का?" त्या म्हणाल्या, "असती तं तुमी इथी बसल्या असत्या का?"

दुपारी शाळेत पोचले. कुंदा मराठीची शिक्षिका, पण राज्यशास्त्राचे सर बदलून गेल्यापासून तो विषय तिच्या गळ्यात पडला आहे. दहावीत पंधरा मुली आणि बारा मुलं. पुढच्या बाकावर पल्लवी होती, सभेचा सगळा खटाटोप तिचाच. गोष्ट साधी होती. गावात शाळा दहावीपर्यंत आहे. अकरावीला बार्शीटाकळी गाठायची तर सकाळची एसटी हवी, आणि ग्रामसभेचा ठराव आणा असं डेपोने सांगितलं होतं. पल्लवीच्या वडिलांनी घरी निकाल देऊन टाकला होता: गाडी असली तर अकरावी, नाही तर घरी.

मी वही-पेन काढून थाटात विचारलं, "एवढी माणसं चावडीवर आणलीत कशी? रीत सांगा, मला आमच्या मुलांना शिकवायची आहे."

वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. पल्लवी म्हणाली, "माणसं कुठी आली मॅडम? आमीच गेलो न घरोघरी."

मग रीत कळली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, लाडू वाटले, माणसं घरी गेली. चावडीवर उरली सात-आठ. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सभेचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घ्यायचं काम पंचायतीच्या शिपायाकडे आलं. मुलींनी आदल्याच दिवशी धड्यात वाचलं होतं की नागरिकांनी पंचायतीला मदत करावी. त्या म्हणाल्या, द्या आमच्याजवळ. चार गट केले, चार आळ्या वाटून घेतल्या आणि दिवस मावळायच्या आत सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा कोरम पुरा करून आणला. सह्या घरोघर घेतल्याचं कुंदाला दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर तिने उपक्रमाच्या वहीत दहापैकी दहा देऊन टाकले होते.

"अगं, पण ही सभा झालीच नाही," मी म्हणाले.

"ठराव वाचून दाखवला न मॅडम," पल्लवी घाईघाईने म्हणाली. "वाचल्याबिगर एकबी सही नाई घेतली. एका आजीनं तं तीनदा वाचून घेतला. म्हणे, सकाळची गाडी मांगता, तं परत येयाची कोणती? मंग आमी तेबी लिवलं."

पुस्तकातलं उत्तर मला तोंडपाठ आहे. गाव सभेकडे येतं, सभा गावाच्या उंबऱ्यावर जात नाही, असं ठणकावून सांगणारच होते. पण चावडीवरच्या सात-आठ माणसांनी ठराव ऐकला तरी होता का, कोण जाणे. घराघरांत तो तीन-तीनदा ऐकला गेला होता. तरीही रजिस्टरात लिहिलं होतं ते खोटं होतं.

कुंदाकडे जेवायला ओल्या तुरीच्या सोल्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. ताट समोर ठेवून ती म्हणाली, "याच्याचसाठी तुले बलावलं. तू या विषयाची आहेस. सांग, त्या दहा मार्काचं मी काय करू?" सतरा वर्षं विषय शिकवून मैत्रिणीच्या एका प्रश्नाला उत्तर देता येत नाही, याची मला खरंच लाज वाटली.

ग्रामसेवकांकडे दोन गावं आहेत. या गावाचा त्यांचा वार शुक्रवार, म्हणजे दुसराच दिवस. सकाळी आम्ही पंचायतीत गेलो, पल्लवीही आली. मी शक्य तितक्या गोड आवाजात कोरमचं विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, कोरम नसला तं सभा तहकूब करायची. तहकूब सभेले कोरम लागतच नाई."

हे मला माहीत नव्हतं. "मग दरवर्षी सह्या कशाला गोळा करता?"

"पह्यलेपासून चालू आहे," ते म्हणाले.

पल्लवीने हळूच विचारलं, "म्हणजे खोटं केल्याबिगरबी झालं असतं?"

ग्रामसेवक कपाटाच्या किल्ल्या शोधू लागले. पल्लवी म्हणाली, "मंग तसंच करा न, सर. सभा घ्या परत."

कुंदाने तिला बाहेर ओढलं. "अवं, सोमवारी ठराव डेपोत जाऊन राहिला. आता कावून उकरते? सभेत कोणी नाई म्हटलं तं नुकसान तुहंच आहे."

"डेपोत मलेच नेणार हाये न मॅडम. तिथी कोणी इचारलं, किती जण आले होते, तं म्या काय सांगू? मले खोटं बोलता नाई येत. हसू येते."

आतून हे ऐकणाऱ्या ग्रामसेवकांनी उसासा टाकला आणि सोमवारचा ठराव थांबवून पुढच्या शुक्रवारची सभा लावली. मला आनंद व्हायला हवा होता. पण काळीपिवळीत मी हिशेब मांडत बसले. मी भोचकपणे वही काढली नसती तर ठराव सोमवारी डेपोत पोचला असता आणि मुलीची गाडी सुरू झाली असती. कदाचित. अमरावतीत उतरल्यावर सवयीने दह्यातला गिला वडा घेतला, अर्धा टाकून दिला. मी गिला वडा टाकते म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

सोमवारी आमचे शिपाईमामा रजिस्टर घेऊन आले. पालक-शिक्षक संघाची सभा, गेल्या गुरुवारची. "तुमची तेवढी राहिली मॅडम. बाकी सगळ्यायच्या झाल्या."

गुरुवारी मी बार्शीटाकळीच्या स्टँडवर बसले होते. मी विचारलं, "मामा, सभेला कोण कोण होतं?"

"सभा कुठी झाली मॅडम?" ते सहज म्हणाले.

अशा सह्या मी वर्षानुवर्षं केल्या आहेत, डबा खाता खाता, न वाचता. उद्या करते म्हणून रजिस्टर ड्रॉवरमध्ये ठेवलं. ते तिथेच राहिलं. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं, माझ्या नव्या उपक्रमाचंही विचारलं. दोन्ही वेळा मी "बघते" म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी कुंदाचा फोन आला. पल्लवी पुन्हा त्याच घरांत गेली होती, आधीची सही बाद झाली, आता तुम्ही स्वतः या, असं सांगत. सह्या दिलेल्यांपैकी निम्मेही आले नाहीत. जे आले ते दीड तास भांडले. पोरींसाठी गाडी कशाला, बाजाराच्या वेळेची मागा, असं एकाने काढलं. ती तीनदा ठराव वाचून घेणारी आजी काठी टेकत आली होती, ती त्याला म्हणाली, "तुह्या बाजारासाठी काळीपिवळी हाये न बावा." ठराव मंजूर झाला. पण बाजाराची गाडी पहिल्या नंबरवर आणि सकाळची दुसऱ्या. डेपो एकच गाडी देईल, असं कुंदाला वाटतं.

"आणि दहा मार्कं?" मी विचारलं.

"अजून तसेच आहेत. काय करू, तू सांग."

गाडी आलेली नाही. पल्लवी परीक्षेचा अभ्यास करते आहे. मी नीट केलं की तिची वाट अडवली, हे मला अजून कळत नाही. तुम्हाला कळलं तर खाली लिहा, टोमणा मारलात तरी चालेल.

शनिवारी ड्रॉवर उघडलं आणि रजिस्टरात माझ्या नावापुढे 'गैरहजर' असं लिहून ते मामांकडे दिलं. त्यांनी तो शब्द वाचला, मग वरच्या सगळ्या सह्यांवरून बोट फिरवत खालपर्यंत आले.

"मॅडम," ते म्हणाले, "आता याईचं काय करू?"